मामाचा निळा हात

माझ्या मामाच्या हातांचा खरा रंग कोणता, हे मला लहानपणी माहीत नव्हतं. तो आमच्याकडे बदलापूरला आला की बिस्किटांचा पुडा आणायचा आणि पुड्यावर निळी बोटं उमटलेली असायची. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवण्याचा एक गाळा आहे, तिथे तो माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. न धुतलेल्या डेनिमचा रंग नुसत्या हाताळण्यानं अंगाला लागतो. साबणानं जात नाही, लिंबानं थोडा जातो, आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यात पाऊल टाकलं की परत येतो. मामाची नखं निळी, तळवे निळे, उन्हाळ्यात घाम पुसून पुसून मानही निळी. मामी म्हणायची, लग्नात सगळ्यांच्या नवऱ्यांना हळद लावली, माझ्या नवऱ्याला तेवढी नीळ लावली.

पदवीची तीन वर्षं मी या दोघांकडे राहिले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. बाबा चौथी शिकलेले, आईनं शाळा बाहेरूनच पाहिली. आमच्या वस्तीपासून उल्हासनगरचं कॉलेज लांब पडतं म्हटल्यावर मामानं विचारलंसुद्धा नाही, येऊन माझी पेटी उचलून घेऊन गेला. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. मामी घरी धागे कापायचं काम करायची. शिवून आलेल्या जीन्सला जागोजागी धागे लोंबत असतात, ते कात्रीनं छाटायचे. जीन्सचे गठ्ठे खांद्यावर टाकून ती तिन्ही जिने चढायची आणि वर आली की दम न खाता चहाचं आधण ठेवायची. माझ्या परीक्षेच्या दिवसांत टीव्ही बंद असायचा. मी वाचायचे आणि शेजारी मामीची कात्री कुटकुट चालायची. आजही आकडेमोडीत लक्ष लागत नसेल तर मला त्या कात्रीचा आवाज हवासा वाटतो.

पदवीदानाच्या दिवशी मामा कॉलेजात आला तेव्हा त्यानं माझं प्रमाणपत्र हातात घेतलं नाही. खिशातला रुमाल काढला, तो तळहातावर पसरला आणि म्हणाला, आता ठेव. डाग पडू नये म्हणून. मग बराच वेळ तो ते तसंच धरून उभा राहिला. वाचता येत होतं तेवढं वाचलं, इंग्रजी होतं ते माझ्याकडून वाचून घेतलं, आणि शेवटी म्हणाला, "बाय, आता एकच काम राहिलं. तुला मांडवात नेयाचं."

हे काम काय, ते सांगायला हवं. आईचं माहेर पालेगावचं. तिकडे आमच्यात नवरी मांडवात चालत जात नाही. घराच्या उंबऱ्यापासून बोहल्यापर्यंत मामा तिला उचलून नेतो, मधे तिचे पाय जमिनीला लागू द्यायचे नसतात. आईला तिच्या मामानं नेलं होतं. आईला भाऊ एकच, आणि भावाला भाची एकच. त्यामुळे मामाच्या आयुष्यात ही संधी एकदाच येणार होती आणि ती तो मी पाळण्यात असल्यापासून मोजत होता.

अडचण अशी होती की मी काही पाळण्यातली राहिले नव्हते. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या हिशेब खात्यात मला नोकरी लागली, बसून काम, दुपारी कॅन्टीन, आणि मुळात मी हाडापेरानं आईवर गेलेली. लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त निघाला, तेव्हा मामानं मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं सराव सुरू केला.

हे आम्हाला नंतर कळलं. गाळ्यात डेनिमचे तागे येतात, कापडाच्या जाड गुंडाळ्या, त्या पोटमाळ्यावर रचायच्या असतात. खाली टेम्पोपासून शिडीपर्यंत न्यायला शेठनं चाकांची लोखंडी गाडी आणून ठेवलेली होती. मामानं गाडीला हात लावणं सोडलं. तागा दोन्ही हातांवर आडवा घ्यायचा, नवरीसारखा, आणि गाळ्याच्या दारापासून शिडीपर्यंत चालत जायचं. तिथून उजव्या हातानं डोक्याच्या वर ढकलून माळ्यावर लोटायचा. एक झाला की दुसरा. बाकीचे कामगार मशीन थांबवून ओरडायचे, "मामा नवरी घेऊन आला, रस्ता सोडा!" कुणी तोंडानं बँड वाजवायचा. शेठ म्हणाला, अरे गाडी क्या शो के लिए रखी है? मामानं त्याला सांगितलं की गाडीवरून तागा जातो, भाची जात नाही.

असं दोनेक महिने चाललं. मामाचा उजवा हात भरला. गाळ्यातलाच एक शिंपी त्याच्यासाठी लग्नाचा शर्ट शिवणार होता, पांढराशुभ्र, कारण जन्मभर निळ्यात काढल्यावर एकदा तरी पांढरं घालायची मामाची हौस होती. शिंप्यानं माप घेतलं आणि टेप दोनदा लावून पाहिली. उजवा दंड डाव्यापेक्षा चांगलाच जाड. तो म्हणाला, तुमचा एक हात पैलवान आणि एक हात कारकून आहे, बाह्या वेगवेगळ्या शिवाव्या लागतील. मामानं ही गोष्ट आम्हाला फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितली. हात जड वाटतो, संध्याकाळी ठणकतो, हेही सांगितलं, पण ते कसं, तर ताकद वाढल्याचा पुरावा म्हणून. हात निळसर दिसत होता. पण निळा हात मामाचा कधी नव्हता?

दिवाळीत गाळा बंद राहिला आणि भाऊबिजेला मामा-मामी आमच्याकडे आली.

आमच्या घरात भाऊबिजेचा एक ठरलेला कार्यक्रम आहे. ओवाळण्याआधी आई भावाला अंगणात पाटावर बसवते आणि खोबरेल तेल, बेसन आणि लिंबू घेऊन त्याचे हात चोळते. वर्षातून एक दिवस तरी माझा भाऊ गोरा दिसू दे, असं म्हणत. मामा डोळे मिटून बसतो. मामी बाजूला बसून सांगत राहते, अजून मनगटाला राहिलाय, अजून कोपराला राहिलाय. त्या दिवशीही तसंच सुरू झालं. डावा हात आईनं आधी घेतला. चार-पाच दिवस काम बंद होतं, त्यामुळे निळा लवकर सुटला आणि आतला गव्हाळ हात बाहेर आला. मग उजवा घेतला.

उजव्याचा रंग जाईना. आईनं बेसन वाढवलं. लिंबाची दुसरी फोड घेतली. मामी म्हणाली, घासणी आणू का भांड्याची? आम्ही हसत होतो. आईनं मात्र बेसन धुऊन टाकलं, पाण्याकडे पाहिलं. पाणी पांढरंच होतं, निळं झालं नव्हतं. मग तिनं मामाच्या बनियनची बाही वर सारली. निळसर छटा कोपरापाशी थांबली नव्हती, दंडावरून थेट खांद्यापर्यंत गेली होती. खांद्यावर आणि छातीच्या त्या बाजूला शिरा वर आल्या होत्या, कधी दिसल्या नव्हत्या अशा. आईनं अंगठा दाबला तर तिथे खळगा पडला आणि तो लगेच भरून आला नाही.

"ह्यो रंग नाय," आई म्हणाली. "ह्यो आतून हाय."

मामा हसून म्हणाला की ताई, ती ताकद आहे. आईनं ओवाळणीचं ताट बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात डॉक्टर, बँक, तहसील असं काही आलं की सगळे माझ्याकडे पाहतात. मी हिशेबाची पदवीधर, मला शिरांमधलं काय कळणार? पण कुठे जायचं आणि काय विचारायचं एवढं शिक्षणानं मला नक्की दिलं आहे. मी रिक्षा बोलावली.

भाऊबिजेमुळे बहुतेक दवाखाने बंद होते. स्टेशनजवळच्या एका छोट्या इस्पितळात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मामाचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले, आणि एका हाताचा रंग आईनं उतरवलेला असल्यामुळे फरक इतका उघड होता की त्यांना फार विचारावं लागलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, काम काय करता? मामा उठून उभा राहिला आणि तागा कसा उचलतो, डोक्यावरून माळ्यावर कसा लोटतो, हे त्यानं मोकळ्या हातांनी करून दाखवलं. हात वर गेला तेव्हा तो अर्ध्यातच थांबला. त्याच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच दुखणं दिसलं.

सोनोग्राफी झाली. गळ्याखालच्या हाडामागून हाताची मोठी शीर जाते, तिथे रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं की हात वर करून पुन्हा पुन्हा जोर लावला की ती शीर हाड आणि बरगडीच्या मधे चेपली जाते, तिला इजा होते आणि आतलं रक्त साकळतं. हातातलं रक्त परत जायला वाट मिळत नाही, म्हणून सूज आणि म्हणून निळा रंग. अंग कमावणाऱ्यांना, गोलंदाजांना, छत रंगवणाऱ्यांना कधी कधी असं होतं. गोलंदाज हा शब्द मामाला फार आवडला. बाहेर येऊन त्यानं मामीला पहिली हीच बातमी दिली, की मला गोलंदाजांचा आजार झालाय.

पण डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन दुसरी गोष्ट सांगितली होती. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. आजच मोठ्या इस्पितळात न्या. आणि आता तो हात चोळू नका. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती आपले तेलकट तळवे पाहत बसली. मी तिला म्हटलं, तू चोळलंस म्हणूनच कळलं. डॉक्टर बाईंनीही तेच सांगितलं, तेव्हा तिला थोडं पटलं.

मोठ्या इस्पितळात मामाच्या दंडातून एक बारीक नळी शिरेत घातली आणि तिच्यातून गुठळी विरघळवण्याचं औषध सोडलं. शिवाय रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं. मामा उशीवर हात ठेवून पडून राहायचा. त्याला असं रिकाम्या हातानं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यालाही ते जमत नव्हतं. बाजूच्या पेशंटला तो जीन्सच्या शिलाईतले दोष सांगायचा. शिपाई, नर्स, जो कुणी जीन्स घालून यायचा त्याची पँट कुठल्या कापडाची, किती वेळा धुतली, हे पडल्या पडल्या ओळखायचा. हळूहळू हात उतरू लागला. एका सकाळी मामीनं दोन्ही तळवे शेजारी धरले तर दोन्ही एकाच रंगाचे होते. ती म्हणाली, इतक्या वर्षांनी कळलं, नवरा गोरा आहे.

सुट्टी द्यायच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या. काही महिने घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, रक्त थांबायला वेळ लागेल म्हणून कापण्या-लागण्यापासून जपायचं, दाढीलासुद्धा वस्तरा नको. मामा सगळ्याला मान डोलावत होता. मग त्यानं विचारलं, लग्न महिन्यावर आलंय, भाचीला मांडवात न्यायचं आहे, तेवढं चालेल ना? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी त्या क्षणी पोट आत घेतलं होतं. ते म्हणाले, बाजाराची भरलेली पिशवीसुद्धा नको.

परतीच्या रिक्षात विठ्ठलवाडीचा पूल ओलांडल्यावर मामा बाहेर बघत म्हणाला, "मग मी मामा कशाला?"

मी त्याचा डावा हात धरून बसले.

पुढचे काही दिवस मामाच्या घरात हाच विषय. आईचा एक चुलतभाऊ पालेगावहून आला आणि म्हणाला की मी नेतो, मीही मामाच आहे. माणूस चांगला होता, खांदेही भक्कम होते. मामानं लगेच होकार दिला, इतका लगेच की कुणालाही तो खरा वाटला नाही. मी सांगितलं की दुसऱ्या कुणाच्या हातांवर मी जाणार नाही, त्यापेक्षा चालत जाईन. आई म्हणाली, पाय जमिनीला लावून गेलीस तर माहेरी काय सांगू? मामी जीन्सचे धागे कापत होती. ती वैतागून म्हणाली, "गाल्यात ती चाकाची गाडी कवाची गंजत पडलीय. टाका पोरीला तिच्यावर आनि न्या ढकलत."

सगळे हसले. मामा हसला नाही. तो विचार करत होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पाय तर जमिनीला लागनार नाय ना?"

लग्नाच्या आदल्या दिवशी गाळ्यातल्या टेम्पोतून ती गाडी आमच्या बदलापूरच्या दारात उतरली. शेठनं चाकं नवी बसवून दिली होती. मामानं डाव्या हातानं वंगण घातलं, लोखंडाला झेंडूच्या माळा गुंडाळल्या, वर पाट ठेवला, पाटावर आईची जरीची साडी घडी करून अंथरली. ढकलायला गाळ्यातले दोघे जण तयार होते. मामा शेजारून चालणार होता. त्याचा पांढरा शर्ट शिंप्यानं पुन्हा उसवून शिवला होता, कारण सूज गेल्यावर पैलवान हाताची बाही ढगळ झाली होती. वस्तरा बंद असल्यामुळे दाढीचे खुंट होते. पण हात असे स्वच्छ की आमच्या बाबांनी दारात त्याला एकदा पाहुणा समजून नमस्कार केला.

उंबऱ्यावरून मी थेट पाटावर बसले. बायकांनी लग्नाची गाणी उचलली, गाडी निघाली. माझा हात मामाच्या उजव्या हातात होता. वजन नव्हतं त्यात, नुसता हात. चाक कुरकुरत होतं, पोरं पुढे नाचत होती, नवऱ्याकडची मंडळी मोबाइल उंच धरून उभी होती. त्यांच्याकडे असं काही नसतं, त्यामुळे त्यांना वाटलं बदलापूरकडे नवऱ्या अशाच येतात. मामाचा चेहरा मी बाजूनं पाहत होते. तो खूश होता, पण पूर्ण नाही. कडेला कुठेतरी थोडं राहिलेलं होतं.

बोहल्याच्या जवळ मांडववाल्यानं लाइटची वायर जमिनीवरून नेऊन वर फळी टाकली होती. गाडीचं पुढचं चाक फळीच्या फटीत गेलं आणि बसलं. ढकलणाऱ्या दोघांनी मागून जोर लावला तर गाडी कलली. मी पाटाच्या कडा धरल्या. बोहला समोर, चार पावलांवर. आणि त्याच क्षणी मामा माझ्या दिशेनं वाकला. एक हात पाठीमागे, उजवा हात माझ्या गुडघ्यांखाली. त्यानं काही ठरवलं नव्हतं, दोन महिने सराव केलेल्या अंगानं ते आपोआप केलं. गाणं थांबलं.

मामी तिथे कशी पोचली मला माहीत नाही. तिनं मामाच्या छातीवर कोपर ठेवून त्याला बाजूला केलं.

"त्या हातानं उचलशील तर बघ," ती त्याला म्हणाली, आणि मला म्हणाली, "बाय, गल्याला मिठी मार."

आणि तिनं मला उचललं. नऊवारी, दागिने, कॅन्टीनचं जेवण, सगळ्यासकट. जीन्सचे गठ्ठे घेऊन तीन जिने चढणाऱ्या त्या खांद्याला मी फार जड गेले नसावे, कारण चालता चालता ती माझ्या कानात म्हणाली की जीन्सपेक्षा तू बरी, निदान धागे तरी लोंबत नाहीत. मला हसू फुटलं. मागे वळून पाहिलं तर मामा आमच्या मागोमाग येत होता. माझ्या शेल्याचं टोक जमिनीवर घासत होतं, ते त्यानं उजव्या हाताच्या दोन बोटांत उचलून धरलं होतं, पदवीदानाच्या दिवशी प्रमाणपत्र धरलं होतं तसं. तेवढं वजन त्याला चालणार होतं. आणि आता तो पूर्ण खूश होता, चेहऱ्यावर कडेलाही काही राहिलेलं नव्हतं.

मामीनं मला बोहल्यावर ठेवलं, पदरानं कपाळ पुसलं आणि मामाला सगळ्यांदेखत सुनावलं की तागे उचलायला आता मीच येते, तू घरी बसून धागे काप. काही महिने त्यानं बोथट टोकाची कात्री घेऊन खरोखरच तसं केलं. गोळ्यांचा काळ संपला, तपासणीत शीर मोकळी निघाली, तेव्हा शेठनं त्याला कापड कापायच्या टेबलावर घेतलं. आता तो कापड पसरतो, खुणा करतो. तागे गाडीवरून येतात. भाऊबिजेला आई आधी उजवा हात घेते, तेल लावून अलगद पुसते आणि पाणी निळं झालेलं पाहून मगच ओवाळायला उठते.

मामाच्या घरी आमच्या लग्नाचा अल्बम आहे, त्यात तो फोटो आहे. मामीच्या हातांवर मी, तोंड उघडं टाकून हसणारी, आणि मागे शेल्याचं टोक धरलेला मामा. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मामा तो फोटो दाखवतो आणि तक्रार करतो की यात माझा हात ओळखू येत नाही, कुणा साहेबाचा वाटतो. सांगताना तो फोटोतल्या त्या हातावर बोट टेकवतो. इतक्या वेळा टेकवलं आहे की आता त्या पानावर, बरोबर त्या हातावर, एक निळा ठसा उमटला आहे.